साय-फाय रहस्यमालिकांचा फडशा : कुठली सलग बघावी, कुठली थांबत थांबत?

नीलमेघ

विज्ञानकथेचा पाया आणि त्यावर रहस्याचे मजल्यावर मजले, अशा लांब पल्ल्याच्या मालिकांवर एकदा नीट बोलणं व्हावं असं कधीचं मनात होतं. 'लॉस्ट', 'द एक्स-फाइल्स', 'फ्रिंज', 'डार्क' वगैरे. आज या मालिका अथपासून इतिपर्यंत उपलब्ध आहेत आणि नवा प्रेक्षक त्या एका बैठकीत चार-पाच भाग अशाच बघतो. माझं म्हणणं असं आहे की मालिका कुठल्या वेगाने बघितली जाणार हे लेखकांनी आधीच धरलेलं असतं आणि तो वेग तिच्या बांधणीत मुरलेला असतो. तो बदलला की काही मालिका खुलतात आणि काहींचे टाके दिसायला लागतात.

'लॉस्ट' घ्या. सप्टेंबर २००४ ते मे २०१०, सहा सीझन. विमान बेटावर कोसळतं आणि वाचलेल्या प्रवाशांची गोष्ट सुरू होते. प्रत्येक भागात बेटावरचा वर्तमान आणि कुणा एकाचा भूतकाळ आलटूनपालटून येतो, शेवटी एक धक्का बसतो आणि मग आठवडाभर शांतता. त्या आठवड्यात लोक ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे कुठे कुठे लपलेत ते शोधायचे, एकमेकांचे तर्क खोडायचे. लेखकांनी हे गृहीतच धरलं होतं. दुसऱ्या सीझनमध्ये एका पोलादी दारावर अतिनील प्रकाशात जेमतेम काही सेकंद नकाशा उमटतो. तो पॉज करून अक्षर न् अक्षर वाचणाऱ्यांसाठीच काढलेला आहे. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याच्या आत सलग बघणाऱ्याच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही.

आणि तिसऱ्या सीझनचा पूर्वार्ध. तोवर मालिका किती वर्षं चालणार हे लेखकांनाच माहीत नव्हतं, त्यामुळे भूतकाळाच्या गोष्टी ताणल्या जात होत्या. नायक जॅकच्या हातावरच्या टॅटूमागची कहाणी सांगायला एक अख्खा भाग खर्ची पडला. मे २००७मध्ये वाहिनी आणि निर्मात्यांनी जाहीर केलं की मालिका २०१०मध्ये संपेल. शेवटाची तारीख ठरली आणि कथेला पुन्हा बळ आलं. त्याच महिन्यात आलेला सीझनचा शेवट बघा, सांगण्याची पद्धतच फिरते. सलग बघताना हा फरक फार ठळक जाणवतो.

'एक्स-फाइल्स'चं गणित वेगळं. १९९३ ते २००२ नऊ सीझन, मग २०१६ आणि २०१८मध्ये आणखी दोन, एकूण २१८ भाग. यातले थोडे भाग परग्रहवासी आणि सरकारी कटाच्या मुख्य सूत्राचे, बाकीचे स्वतंत्र, दर आठवड्याला नवा राक्षस असे. 'फक्त मुख्य सूत्राचे भाग सलग बघा' अशा याद्या जागोजागी मिळतात. मला त्या याद्या अजिबात पटत नाहीत. ते कटाचं सूत्र आधी आखून ठेवलेलं नव्हतं, ते चालता चालता रचलं गेलं. नुसतं तेवढंच ओळीने बघितलं की दरवर्षी उत्तर पुढे ढकललं जातंय एवढंच दिसतं. स्वतंत्र भागांत मल्डर आणि स्कली ही तपास करणारी दोघं माणसं म्हणून उभी राहतात, म्हणून तर कटाच्या भागांत आपला जीव त्यांच्यात अडकतो.

तुमचा अनुभव काय? कुठली मालिका सलग बघितल्याने वर गेली, कुठली खाली आली? एकच विनंती, उत्तरं आणि शेवट फोडू नका. ज्यांनी बघितलं नाही तेही वाचणार आहेत.

रानवारा

फार आवडता विषय. वाचतोय. टॅटूच्या भागाबद्दल पूर्ण अनुमोदन.

तिसरा_प्रहर

नीलमेघ, 'एक्स-फाइल्स'बद्दल सहमत, 'लॉस्ट'बद्दल मात्र माझं नेमकं उलट मत आहे.

'लॉस्ट' मी प्रक्षेपणाच्या काळात बघितली आणि नंतर सलगही बघितली, म्हणून सांगतो. २००६च्या ऑक्टोबरमध्ये तिसरा सीझन सुरू झाला, सहा भाग दाखवले आणि नोव्हेंबरमध्ये थांबले ते थेट फेब्रुवारीत परत आले. मुख्य पात्रं पिंजऱ्यात अडकलेली आणि प्रेक्षक तीन महिने लटकलेला. त्या काळात जो राग साचला तो त्या सहा भागांच्या माथी मारला गेला. सलग बघताना ते भाग एका संध्याकाळीत संपतात आणि त्यांतला ताण चांगला वाटतो.

दुसरं म्हणजे अपेक्षांचं ओझं. सहा वर्षं दर आठवड्याला तर्क लढवलेल्या माणसाने मनात स्वतःची एक 'लॉस्ट' तयार केलेली होती आणि शेवटाचं माप तो त्या मनातल्या मालिकेला लावत होता. कुठल्याही लेखकाला ते पुरं करणं शक्य नव्हतं. सलग बघणाऱ्याला तर्क लढवायला वेळच मिळत नाही, त्याचं लक्ष जॅक, लॉक, सॉयर, डेझमंड यांच्याकडे असतं. आणि शेवट त्यांचाच आहे. ज्यांनी ही मालिका भराभर बघितली त्यांना शेवट जास्त भावतो, असं मी माझ्या ओळखीत तरी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

सांजसावली

दोघांचंही पटतंय :) 'लॉस्ट'च्या चौथ्या सीझनचा पाचवा भाग, डेझमंड आणि त्याच्या प्रेयसीचा, पेनीचा, कुठल्याही वेगाने बघा, गळा दाटतोच. काळाचा एवढा गुंता असताना मध्यभागी एक साधा फोन ठेवायचा, याला लेखणीची ताकद म्हणतात.

अंबरमणी

'फ्रिंज'चा उल्लेख आहे पण त्यावर कुणी बोललं नाही, तर मी बोलते. २००८ ते २०१३, पाच सीझन, बरोबर १०० भाग. सलग बघताना सर्वांत जास्त काय निसटत असेल तर ते या मालिकेतलं.

जाहिरातींच्या आधी पडद्यावर क्षणभर एक चित्र यायचं: सफरचंद, पान, बेडूक, समुद्रघोडा, सहा बोटांचा पंजा. कोपऱ्यात एक प्रकाशाचा ठिपका. चित्र आणि ठिपक्याची जागा मिळून एक अक्षर व्हायचं आणि एका भागातली सगळी अक्षरं जुळवली की त्या भागाशी नातं असलेला एक शब्द तयार व्हायचा. चाहत्यांनी ही लिपी सोडवली होती. आज जाहिराती नाहीत, त्यामुळे ती चित्रं मधेच चमकून जातात आणि नव्या माणसाला ती नुसती सजावट वाटते.

त्याहून महत्त्वाचं, 'स्किप इंट्रो'चं बटण दाबू नका! शीर्षकाचा रंग सांगतो की आपण कुठल्या विश्वात आहोत. निळा म्हणजे आपलं, तांबडा म्हणजे पलीकडचं. वॉल्टर आणि पीटर या बापलेकांच्या भूतकाळाचा जो भाग आहे (१९८५) त्याचं शीर्षक त्या काळच्या संगणकी चित्रांच्या ढंगात केलंय, संगीतासकट. शीर्षकातच अर्धी गोष्ट सांगणारी मालिका आहे ही आणि आपण घाईघाईत तेच ओलांडून पुढे जातो.

आणि प्रत्येक भागात तो टक्कल असलेला, टोपीवाला निरीक्षक कुठेतरी गर्दीतून जातो. त्याला शोधत बघा. आपोआप वेग कमी होतो आणि मालिका हवी तशी बघितली जाते.

बाकी वॉल्टर बिशप या पात्रासाठी जॉन नोबल यांचे कितीही आभार मानले तरी कमीच. दोन विश्वांतले दोन वॉल्टर, चेहरा तोच, पण नुसत्या उभं राहण्यावरून कोण कोणता ते कळतं.

शोधयात्री

सलग बघण्यावर थोडा अभ्यासही झाला आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि हेरगिरीची सहा भागांची एक मालिका एका गटाला आठवड्याला एक भाग, दुसऱ्याला रोज एक आणि तिसऱ्याला एका बैठकीत अशी दाखवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त तपशील सलग बघणाऱ्यांना आठवत होते. पण पुढच्या महिन्यांत त्यांचीच आठवण सगळ्यात झपाट्याने पुसली गेली, आठवड्याने बघणाऱ्यांची सगळ्यात कमी. शिवाय सलग बघणाऱ्यांनी मालिका कमी आवडल्याचं सांगितलं.

गट लहान होते आणि मालिका एकच होती, तेव्हा त्यावर इमले रचायला नकोत. पण रहस्यमालिकेला हे लागू करून बघण्यासारखं आहे. या मालिकांत पहिल्या सीझनमधलं वाक्य चौथ्यात परत येतं. एका दमात बघितलंत तर ते वाक्य ताजं असतं, दुवा लगेच लागतो. पण शेवटानंतर सहा महिन्यांनी मालिकेतलं काय उरतं? माझ्या मते रहस्याची उकल पहिली पुसली जाते आणि पात्रं राहतात.

अर्धविराम

शोधयात्री, 'दुवा लगेच लागतो' हे 'डार्क'ला शंभर टक्के लागू. ही एकच मालिका अशी आहे की जी थांबत थांबत बघू नका असं मी आग्रहाने सांगेन. बारान बो ओडार आणि यान्चे फ्रीजे या जोडीची जर्मन मालिका. २०१७ ते २०२०, तीन सीझन, २६ भाग. विंडेन नावाचं गाव, चार कुटुंबं आणि तेहतीस वर्षांचं चक्र: १९५३, १९८६, २०१९. एकच माणूस तीन वयांत तीन नटांनी रंगवलेला. आठवडाभर थांबलात तर कोण कुणाचा मुलगा आणि कोण कुणाचा बाप हे विसरायला होतं. आणि या मालिकेत नातं विसरणं म्हणजे गोष्टच विसरणं.

ही मालिका मुळातच एकदम सगळा सीझन प्रदर्शित होणार हे धरून लिहिली आहे. 'मागील भागात काय झालं' याची फार फिकीर ती करत नाही, प्रेक्षक कालच इथे होता असं मानून पुढे जाते. नीलमेघच्या मूळ मुद्द्याला यासारखं दुसरं उदाहरण मिळणार नाही. वेग बांधणीतच आहे, फक्त इथे तो वेगवान आहे.

बघणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. जवळ वही ठेवा आणि वंशवृक्ष स्वतः काढा. इंटरनेटवर तयार वृक्ष शोधू नका, पहिल्याच चित्रात शेवट फुटतो. नेटफ्लिक्सने यासाठी एक संकेतस्थळ केलं होतं, त्यात आपण कुठल्या भागापर्यंत आलो ते आधी सांगायचं आणि मग तेवढीच माहिती उघडायची. दुसरं, डब केलेली आवृत्ती नको, मूळ जर्मन आवाज आणि सबटायटल्स. त्या आवाजांतला थकवा डबिंगमध्ये येत नाही. तिसरं, जेवढा वेळ मालिका बघाल तेवढा वेळ फोन दूर.

तिसरा सीझन २७ जून २०२० रोजी आला. कथेतला विनाशाचा दिवसही तोच. एवढं नियोजन!

सांजसावली

वहीला अनुमोदन. पेन्सिलने लिहा, नाती बदलत जातात.

मितभाषी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मालिका पूर्ण झाल्याशिवाय सुरूच करू नये असं माझ्या घरातले सगळे म्हणतात. कारण 'डार्क'च्याच जोडीची '१८९९'. नोव्हेंबर २०२२मध्ये पहिला सीझन आला, तीन सीझनचा आराखडा तयार होता आणि जानेवारी २०२३मध्ये रद्द झाल्याची घोषणा. 'द ओए'चा बेत पाच सीझनचा होता, २०१६ आणि २०१९मध्ये दोन आले आणि संपलं. तेही अशा जागी की पुढे काय याचा विचार आजही सुटत नाही. 'वेस्टवर्ल्ड' चार सीझननंतर २०२२मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षाअखेर ती ज्या कंपनीची होती तिच्या स्वतःच्या स्ट्रीमिंग सेवेवरूनही उतरवली गेली.

रहस्यमालिकेचं अर्धवट राहणं इतर मालिकांपेक्षा जास्त लागतं. विनोदी मालिका मधेच थांबली तर तोवरचं हसणं आपल्याकडे राहतं. इथे प्रश्न विचारून विचारणारा निघून जातो.

तिसरा_प्रहर

मितभाषी, दुःख कळतंय, पण सगळ्यांनीच पूर्ण होण्याची वाट बघितली तर पूर्ण होणार कशी? 'मॅनिफेस्ट'चं उदाहरण बघा. बेपत्ता झालेलं विमान साडेपाच वर्षांनी उतरतं आणि आतल्या लोकांसाठी काही तासच गेलेले असतात. मूळ वाहिनीने २०२१मध्ये तीन सीझननंतर ती बंद केली. त्याच सुमारास पहिले सीझन नेटफ्लिक्सवर आले आणि लोकांनी ते सलग, झपाटल्यासारखे बघितले. परिणामी वीस भागांचा चौथा आणि शेवटचा सीझन निघाला, २०२३मध्ये कथा पूर्ण झाली. फडशा पाडणाऱ्या प्रेक्षकांनी वाचवलेली मालिका आहे ती.

मितभाषी

हे माहीत नव्हतं. बघते.

ध्रुवतारा

मूळ प्रस्तावात 'बॅबिलॉन ५' ही अवकाशस्थानकावर घडणारी मालिका नाही, ती आणायलाच हवी. आपण सगळे 'लेखकांना शेवट माहीत होता का' याभोवती फिरतोय आणि या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर तिथे आहे.

जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी ही मालिका सुरुवातीपासून पाच वर्षांची एक कादंबरी म्हणून आखली. १९९४ ते १९९८, ११० भाग, त्यातले ९२ त्यांनी स्वतः लिहिले. बाहेरचं जग आराखड्याप्रमाणे चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक चोरवाट राखून ठेवलेली होती. नट सोडून गेला तर कथा कोसळू नये म्हणून. तिचा उपयोग लगेच करावा लागला, पहिल्या सीझननंतर नायकच बदलला. पहिल्या सीझनच्या अखेरीकडे एका बेपत्ता अवकाशस्थानकाचं रहस्य येतं. त्याचं उत्तर तिसऱ्या सीझनमध्ये मिळतं आणि त्यासाठी तो पहिला नायक पाहुणा म्हणून परत येतो. दोन्ही भाग लागोपाठ बघितले तर अंगावर काटा येतो.

पुढे आणखी संकट. पाचवा सीझन मिळणार की नाही याची खात्री नव्हती, म्हणून चौथ्यातच मोठ्या लढाया आटोपल्या, अखेरचा भागसुद्धा चित्रित झाला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवा सीझन दिला आणि तो तयार भाग बाजूला ठेवून वर्षभराने शेवटी दाखवला. चौथ्याची धावपळ आणि पाचव्याच्या सुरुवातीचं रेंगाळणं यामागे हे कारण आहे. ते माहीत असलं की दोष दिसतात पण चीड येत नाही.

ही मालिका सलग बघावी असं माझं ठाम मत. पहिला सीझन संथ आहे, चित्रीकरण आणि संगणकी दृश्यं जुनी वाटतात. पण लोंडो आणि जी'कार या दोन वैरी राजदूतांच्या पहिल्या सीझनमधल्या भांडणांचं मोल चौथ्या सीझनमध्ये कळतं. मधे वर्षं गेली तर ते मोल कमी होतं.

नीलमेघ

ध्रुवतारा, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. बरोबर हेच मला 'एक्स-फाइल्स'बद्दल म्हणायचं होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. तिथे आराखडा नव्हता आणि अपघातानेच कथेला जीव दिला. जिलियन अँडरसन दुसऱ्या सीझनच्या वेळी गरोदर होत्या. त्यांना काही काळ पडद्यावरून बाजूला ठेवणं भाग होतं, म्हणून स्कलीचं अपहरण झालं. त्या अपहरणातून तिचं आजारपण आलं, मल्डरची अपराधी भावना आली, पुढच्या कित्येक वर्षांचं मुख्य सूत्र आलं. आधीपासून आखलेलं असतं तर कदाचित इतकं खोल गेलं नसतं.

तेव्हा 'लेखकांना शेवट माहीत होता का' हा प्रश्न मला हल्ली कमी महत्त्वाचा वाटतो. जे अचानक समोर आलं त्याचं त्यांनी काय केलं, हे बघण्यात मला जास्त रस आहे. आणि ते बघायला मालिका सावकाश बघावी लागते, किमान सीझन आणि सीझन यांच्या मध्ये श्वास घ्यावा लागतो.

तिसरा_प्रहर, 'लॉस्ट'च्या शेवटाबद्दल तुमचं म्हणणं मनात राहिलंय. पिंजऱ्यांचे सहा भाग सलग जास्त चांगले वाटतात हे मान्य. पण नकाशाचा भाग आला की एक दिवस थांबा, एवढं तरी नव्या प्रेक्षकांना सांगूया.

रानवारा

झोपेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून एक उपाय. भाग संपताना धक्का बसणार हे ठरलेलं असतं, त्यामुळे भागाच्या शेवटी टीव्ही बंद करणं जवळजवळ अशक्य. त्याऐवजी पुढच्या भागाची पहिली दहा मिनिटं बघा आणि मग थांबा. धक्क्याचा निकाल तिथे लागलेला असतो आणि नवा प्रश्न अजून नीट उभा राहिलेला नसतो. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करून ठेवा.

अंबरमणी

हा उपाय खरंच चालतो, कारण जाहिरातींसाठी लिहिलेल्या मालिकांत पहिला अंक तिथेच कुठेतरी संपतो.

नवी_पाखरू

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. यातली एकही मालिका बघितलेली नाही, 'सेव्हरन्स' मात्र बघतेय. २०२२मध्ये पहिला सीझन, जानेवारी २०२५मध्ये दुसरा. आता तिसऱ्यासाठी थांबायचं की मधल्या काळात वरच्यापैकी काही सुरू करायचं? आणि करायचं तर कुठून?

अर्धविराम

स्वागत! 'सेव्हरन्स' दर आठवड्याला एक भाग येतो तेव्हाच बघा, संपेपर्यंत राखून ठेवू नका. कार्यालयातला माणूस आणि बाहेरचा माणूस यांच्या आठवणी वेगळ्या, यावर दोन भागांच्या मध्ये विचार करण्यासारखं खूप आहे. आणि इतरांबरोबर एकाच वेळी तर्क लढवण्याची संधी प्रत्येक मालिकेला एकदाच मिळते. 'लॉस्ट'ची आपल्यातल्या बऱ्याच जणांची हुकली.

ध्रुवतारा

मधल्या काळासाठी 'फ्रिंज' घ्या. पहिल्या सीझनचे स्वतंत्र भाग सवय लावतात, त्या सीझनच्या शेवटच्या दृश्यात मालिका आपलं खरं रूप दाखवते. तिथपर्यंत सोडू नका. 'डार्क' पुढच्या सुट्टीत, वही घेऊन. 'बॅबिलॉन ५' घाई नसेल तेव्हा.

नीलमेघ

आणि 'एक्स-फाइल्स' यादीशिवाय, पहिल्या भागापासून, आठवड्याला दोन-तीन. पाचव्या सीझनपर्यंत चित्रीकरण व्हँकुव्हरला होतं, तिथला पाऊस, धुकं आणि झाडी हे मालिकेचं तिसरं मुख्य पात्र आहे. सहाव्यापासून ते लॉस एंजेलिसला गेले आणि पडद्यावर ऊन पडलं. पहिले पाच बघून झाले की इथे येऊन सांगा, पुढे जायचं की नाही ते तेव्हा बोलू. सहाव्यातले काही स्वतंत्र भाग मला अतिशय प्रिय आहेत, ते मी वेगळे सुचवेन.

नवी_पाखरू

'फ्रिंज' आज रात्रीपासून. इंट्रो स्किप करणार नाही. :)